चाकांचा बास्केटबॉल स्टँड: गल्लीत वर्षभर वापरल्यानंतर

हा स्टँड घेऊन वर्ष झालं. खांब, बोर्ड, रिंग आणि खाली चाकं असलेली प्लॅस्टिकची टाकी, एवढंच त्यात आहे. मुलगी नऊ वर्षांची. मैदानाकडे जायला दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात, तिथे तिला एकटीला पाठवायला जीव धजत नाही. घरासमोरची गल्ली मात्र संध्याकाळी जवळजवळ मोकळीच असते.

रिंग वर-खाली करता येते, ही याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. मोठ्यांच्या खेळात रिंग ३.०५ मीटरवर असते, लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० वर. सुरुवातीला आम्ही हौसेनं पार वर नेली. मुलं सगळं अंग झोकून चेंडू फेकायची आणि तो कुठेही उडायचा. २.६० वर आणली, पाच नंबरचा, म्हणजे लहान मुलांसाठीचा छोटा चेंडू दिला, तेव्हा नेम बसायला लागला. गल्लीत हे फार महत्त्वाचं, कारण भरकटलेल्या चेंडूमागे पोर मागचापुढचा विचार न करता धावतं.

आता टाकीबद्दल. स्टँड उलटू नये म्हणून ती वजनासाठी पाण्यानं किंवा वाळूनं भरायची असते. आमची १०० लिटरची, म्हणजे पाण्यानं भरली की १०० किलो. पण बूच नीट बसत नव्हतं. थेंब थेंब गळत होतं आणि ते आमच्या ध्यानातच आलं नाही. एका वादळी संध्याकाळी स्टँड आडवा झाला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं, पण तो धाडकन आलेला आवाज आठवला की आजही छातीत धस्स होतं. वाळू गळत नाही आणि भारही दीडपट होतो, पण मग तो मला एकटीला हलवता आला नसता. शेवटी बूच बदललं, पाणी ठेवलं आणि टाकीवर वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या. हलवताना आधी पिशव्या उतरवायच्या. रोज खेळाआधी टाकी बोटानं वाजवून बघते. रिंगला लोंबकळायचं नाही, ही ताकीद पहिल्या दिवसापासून.

जागा ठरवताना मी चुकले होते. गल्लीच्या बंद टोकाला स्टँड लावला की रिंगकडे बघणाऱ्या सगळ्या मुलांची पाठ येणाऱ्या गाडीकडे. दोन दिवसांत ते खटकलं. आता तो आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून असतो. मुलांना दोन्ही बाजू दिसतात आणि हुकलेला चेंडू भिंतीवर आदळून परत येतो. उभ्या गाडीच्या आडोशाला मात्र कधीच लावू नका, मधून बाहेर येणारं मूल चालकाला दिसतच नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असलेली गाडी कोरड्या रस्त्यावरही थांबेपर्यंत २५-३० मीटर पुढे येते, ३० च्या वेगात साधारण त्याच्या निम्मं. त्यामुळे वाहता रस्ता असेल तर हा स्टँड घेऊच नका.

तक्रारी आल्या. समोरच्या आजोबांना बोर्डावरच्या धप धप आवाजाचा त्रास होत होता आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं, आम्ही रात्री नऊनंतरही खेळू देत होतो. पालिकेचा माणूसही येऊन गेला, रस्त्यावर वस्तू ठेवता येणार नाही म्हणाला. तेव्हापासून पाच ते सात खेळ, एक मोठं माणूस बाहेर बसलेलं आणि सात वाजता स्टँड फाटकाच्या आत. आजोबा आता स्वतःच खुर्ची टाकून बसतात.

पण गल्लीतल्या खेळावर सरसकट बंदी घालायला माझा विरोध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. नेदरलँड्सनं १९७६ मध्येच 'वोनेर्फ' नावाच्या निवासी रस्त्यांना कायद्यात स्थान दिलं, तिथे मुलांना रस्त्यावर खेळता येतं आणि गाड्यांनी अगदी हळू जायचं. कॅनडातल्या टोरोंटो शहरानं २०१६ मध्ये गल्लीतल्या हॉकीवरची बंदी उठवली. स्टँड आत घ्यायला मला दोन मिनिटं लागतात. एवढी सोय असताना मुलांना घरात का कोंडायचं?

घेणार असाल तर चाकं मोठी बघा. आमची लहान आहेत, गल्लीतल्या खडीत अडकतात. जाळी सहा महिन्यांत विरली. बोर्ड अजून शाबूत आहे. आणि बूच दुकानातच पाणी भरून तपासून घ्या.