जुना फिश टँक आणि रंगवलेला स्टँड: आमची झालेली फसवणूक

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक जुना फिश टँक विकत घेतला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली लोखंडी स्टँड. सगळे मिळून साडेनऊ हजार. घरी आणून भरल्यावर तिसऱ्या रात्री त्यातलं पाणी आमच्या घरभर आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बैठकीच्या खोलीत होतं. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत आणि जे जुना टँक घ्यायचा विचार करताहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं म्हणून सविस्तर लिहितेय.

मुलाला मासे पाळायचे होते. चौथीत आहे. दोन वर्षं एका छोट्या बाउलमध्ये त्याने गप्पी सांभाळले, न सांगता पाणी बदलायचा, म्हणून या वेळी मोठा टँक घ्यायचं ठरवलं. दुकानात विचारलं तर या मापाच्या नव्या टँकचा स्टँडसकट दर आमच्या आवाक्याबाहेरचा होता. मग ऑनलाइन जाहिरातींत शोधताना हा सापडला. 'दोन वर्षं वापरलेला, १२ मिमी काच, एक थेंब गळती नाही, स्टँड नुकताच रंगवून घेतलाय, बदली झाल्यामुळे विकणे.' बारा हजार लिहिले होते, बोलता बोलता साडेनऊवर आला. आम्ही डोंबिवलीत राहतो, विकणारा कल्याणच्या पलीकडे. दोन हजार आधी यूपीआयने पाठवले, बाकीचे टँक टेम्पोत चढवताना द्यायचे ठरले.

आम्ही संध्याकाळी सातनंतर गेलो, कारण त्याने तीच वेळ दिली होती. टँक पॅसेजमध्ये होता, वर एकच पिवळा दिवा. आत चार बोटं पाणी. "बघा ताई, सकाळपासून भरून ठेवलंय, खाली हात लावून बघा, कोरडं आहे." मी हात लावला, खरंच कोरडं होतं. टँकला आंबूस वास येत होता. मी विचारलं तर म्हणाला, "व्हिनेगरने धुतलाय, पांढरे डाग जातात ना त्याने." हे पटण्यासारखं होतं, कारण काचेवरचे क्षाराचे डाग खरंच व्हिनेगरने निघतात. स्टँड काळाभोर, चकचकीत. पायांना नवीकोरी रबरी बुटं. काचेच्या वरच्या कडेला सगळीकडून काळी प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली, त्यामुळे काच किती जाड आहे ते दिसतच नव्हतं. माझ्या नवऱ्याने रंगावर बोट टेकवलं तर किंचित चिकट लागलं. तेव्हा वाटलं, बरं आहे, ताजा रंग आहे, आपल्याला रंगवायला नको.

आज या प्रत्येक गोष्टीचा अर्थ मला कळतो, म्हणून एकेक सांगते.

तो वास व्हिनेगरचा नव्हता. म्हणजे वास तोच, पण येत होता सिलिकॉनमधून. काचा जोडायला जे सिलिकॉन सहसा वापरतात ते वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, आणि व्हिनेगरमध्येही तेच असतं. पूर्ण वाळलं की वास जातो. दोन वर्षं न गळलेल्या टँकला सिलिकॉनचा ताजा वास येण्याचं कारणच नाही. त्याने आदल्या एक-दोन दिवसांत आतल्या कोपऱ्यांतून जुन्या सिलिकॉनवरच नवं फिरवलं होतं. आणि नवं सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला धड चिकटत नाही. काचेला चिकटतं. जुनं खरवडून काच कोरी केल्याशिवाय वरून लावलेला थर म्हणजे नुसता पापुद्रा.

चार बोटं पाण्याने काही सिद्ध होत नाही. पाण्याचा काचेवरचा दाब खोलीनुसार वाढत जातो. चार फुटी टँक सोळा इंचांपर्यंत भरला की पुढच्या एका काचेवर पाण्याचा एकूण रेटा साधारण १०० किलोचा होतो. तीन इंच पाण्याला तोच रेटा जेमतेम साडेतीन किलो. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच म्हटलं असतं, दादा, सोळा इंच भरा, आम्ही उद्या येतो.

घरी आणून थर्मोकोलवर ठेवला, खडी धुऊन घातली, पाणी भरलं. साधारण २१५ लिटर. पाणी, काच, खडी आणि दगड धरून पावणेतीनशे किलोच्या वर वजन त्या स्टँडवर होतं, आणि स्टँडच्या शेजारी मुलाचं अभ्यासाचं टेबल. मासे सोडले नव्हते. आमच्या दुकानवाल्या दादांनी बजावलं होतं की फिल्टर चालू करून काही आठवडे टँक तसाच ठेवा, माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार होऊ देत, मग मासे आणा. त्यांचे उपकार विसरणार नाही.

तिसऱ्या रात्री साडेतीनला नळ चालू राहिल्यासारखा आवाज आला म्हणून मी उठले. पाय खाली ठेवला तो पाण्यात. फिल्टर आणि लाइटचा एक्स्टेंशन बोर्ड मागे जमिनीवरच पडलेला होता. नवऱ्याने ओरडून मला तिथेच थांबवलं, भिंतीच्या कडेने जाऊन आधी मेन स्विच बंद केला आणि मगच टॉर्च लावला. मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली होती, आणि आतलं सिलिकॉन सेलोटेपची पट्टी सुटावी तसं सुटून पाण्यात हलत होतं. बादल्या, पातेली, चादरी, जे हाताला लागलं ते घेतलं. पहाटे पाचला खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या सीलिंगच्या पीओपीचा एक तुकडा सोफ्यावर पडला होता. त्या एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत, उलट पोछा घेऊन आमच्याबरोबर बसल्या. सीलिंगचे सहा हजार आम्ही दिले, ते द्यायलाच हवे होते.

इथपर्यंत मी त्या विकणाऱ्याला मनातून थोडी सूट देत होते. सिलिकॉनचं प्रत्येकाला कळतं असं नाही, त्याने प्रामाणिकपणे डागडुजी केली असेल, असं स्वतःला सांगत होते. मग स्टँड तपासायला आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या काकांना बोलावलं.

त्यांनी पाणसळ लावली. मागची डावी बाजू सहा मिलिमीटर खचलेली होती. त्यांनी पायाचं रबरी बूट ओढून काढलं, खिशातून चुंबक काढलं आणि पायावर वरपासून खाली टेकवत आले. वर चुंबक टक्कन बसत होतं. जमिनीपासून चार-पाच इंचांवर आलं आणि घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिथे टोचलं तर काळ्या रंगाखालून करड्या रंगाचा तुकडा खपलीसारखा निघाला. "ही लांबी आहे. गाडीच्या पत्र्याचे पोचे भरतात ना, ती," ते म्हणाले. दुकानात नेऊन त्यांनी तो पाय ग्राइंडरने कापला आणि वर्तमानपत्रावर उलटा धरला. आतून तांबड्या-काळ्या पापुद्र्यांचा ढीग पडला, मूठभर तरी असेल. एक इंची चौकोनी पाइप होता, त्याची भिंत खाली कागदासारखी झाली होती आणि एका बाजूला नव्हतीच. जिथे लोखंड नव्हतं तिथे लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, कड जुळवून, वर रंग दिला होता. दुसऱ्या मागच्या पायाचं तेच.

म्हणजे पाय हळूहळू खचला, टँक पिळला गेला आणि आधीच कच्चा असलेला कोपरा उघडला. काका म्हणाले, कोपरा गळला म्हणून वाचलात. आणखी काही दिवस तग धरला असता तर पाय बसला असता आणि भरलेला टँक टेबलाच्या बाजूला आला असता.

यानंतर मी त्याला कुठलीच सूट देत नाही. सिलिकॉन अज्ञानाने लावलं असेल, पण पायाला पडलेलं भोक डोळ्यांनी बघूनच ते भरता येतं. त्या हाताला माहीत होतं की इथे लोखंड नाही, आणि यावर शेकडो किलो वजन एका घरात उभं राहणार आहे. मी जाताना मुलाला बरोबर नेलं होतं. त्याने त्या माणसाला विचारलंही होतं, यात किती गोल्डफिश राहतील?

लोखंड इतकं का सडलं तेही नंतर कळलं. स्टँडच्या वरच्या चौकटीच्या आतल्या कोनात पांढरे कण अडकले होते. मी ओलं बोट लावून जिभेला लावलं तर खारट. साध्या पाण्याचे क्षार खारट लागत नाहीत आणि असे चटकन विरघळतही नाहीत. हा समुद्री माशांचा, खाऱ्या पाण्याचा टँक होता, आणि आम्हाला सांगितलं होतं की गोल्डफिश होते. खारं पाणी उडून पाइपवरून ओघळतं, खालच्या उघड्या तोंडात शिरतं आणि पाइप आतून सडत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

वरची प्लॅस्टिकची पट्टी काढल्यावर काच मोजली. ८ मिमी. शिवाय पुढच्या आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेला अगदी मधोमध जुन्या सिलिकॉनचे चौकोनी वण होते. तिथे काचेची आडवी पट्टी असणार, ती तुटलेली किंवा काढलेली. लांब काच पाण्याच्या रेट्याने मध्यभागी बाहेर फुगते, ती धरून ठेवण्याचं काम ही पट्टी करते. ते वण झाकायलाच प्लॅस्टिक बसवलं होतं.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "ताई, तुम्ही बघून घेतलाय." दुसऱ्यांदा म्हणाला, टेम्पोत धक्का बसला असेल. पायाचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक केलं. पोलीस चौकीत गेलो, तिथे अर्ज घेतला, पण सांगितलं की वापरलेल्या वस्तूच्या व्यवहारात विकणाऱ्याला दोष आधीपासून माहीत होता हे दाखवावं लागेल. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. म्हणून ते दोन कापलेले पाय मी जपून ठेवलेत, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तुम्हीही व्यवहाराआधीच काढून ठेवा, कारण विकलं की जाहिरात गायब होते. माझ्याकडे आहेत ते केवळ नवऱ्याला दाखवायला काढले होते म्हणून.

टँक भंगारात द्यायचं मनात आलं होतं. पण काचा शाबूत होत्या, आणि मुलगा रोज त्या रिकाम्या टँकपाशी जाऊन उभा राहायचा. मग सगळं नव्याने करून घेतलं. स्टँडची वरची चौकट वरवरच गंजलेली होती, ती ठेवली. चारही पाय नवे, जाड अँगलचे, म्हणजे आतून सडायला पोकळी नको. काकांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, कोपरे पॉलिश पेपरने, मग थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तरी आपल्याकडच्या हवेत तांबूस होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, वर ऑइल पेंट दोन हात. गंजावर रंग दिला की गंज आत वाढत राहतो आणि रंगाला फोड येतात.

टँक काचवाल्याने पूर्ण सोडवला. तंगूस, म्हणजे गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, काचांच्या मध्ये घालून करवतीसारखा ओढत सांधे कापले, जुनं सिलिकॉन ब्लेडने कणन्‌कण खरवडलं, काचा स्पिरिटने पुसल्या. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच आणलं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं, ते माशांना मारतं. मध्ये नवी आडवी पट्टी बसवली. आठ दिवस हात लावला नाही. मग काकांच्या दुकानातल्या जमिनीवर सपाट प्लायवर ठेवून सोळा इंच भरला, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून दोन दिवस तसाच. कागद कोरडा राहिला तेव्हा घरी आणला. या सगळ्याला आठ हजार चारशे लागले. साडेनऊ, टेम्पो आणि सीलिंग धरलं तर नवा टँक सहज आला असता.

आता त्यात चार गोल्डफिश आहेत. मुलाने स्टँडच्या प्रत्येक पायाशी पेन्सिलने जमिनीपासूनची खूण केलीय आणि दर रविवारी पट्टी लावून बघतो.

परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. नंबर वेगळा, पॅसेज तोच, पिवळा दिवा तोच. तीन फुटी टँक, स्टँड 'नुकताच रंगवून घेतलेला'. मी नवऱ्याच्या फोनवरून विचारलं, पूर्ण भरून चोवीस तास ठेवून दाखवाल का? मेसेज वाचला गेला, उत्तर आलं नाही. जाहिरातीची तक्रार केली, स्क्रीनशॉट चौकीतल्या अर्जाला जोडला. आज सकाळपर्यंत जाहिरात तिथेच होती. फोटोत स्टँडच्या चारही पायांना नवीकोरी रबरी बुटं दिसतायत.