रनिंग बॅक पहिल्याच राउंडमध्ये घ्यायचा की थांबायचं?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, टॉप १० चा पिक रनिंग बॅकवर (बॉल घेऊन धावणारा खेळाडू) घालवावा का, तर माझं मत स्पष्ट आहे, लाइन (समोरच्यांना अडवून त्याला वाट काढून देणारे खेळाडू) कच्ची असेल तर अजिबात नाही. २०१८ चंच बघा ना, जायंट्स टीमनी दुसऱ्या नंबरवर सेक्वॉन बार्कली घेतला, पोरगा कमालीचा, ऑफेन्सचा रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू) झाला, पण समोर वाटच मोकळी होत नसेल तर धावणार कुठून, आणि त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरला बिल्सना क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉश ॲलन मिळाला! मग २०२४ ला हाच बार्कली ईगल्सकडे गेला, तगडी लाइन मिळाली, एका सीझनमध्ये धावून २००५ यार्ड काढले, वर सुपर बोल (लीगची फायनल) पण जिंकला.

रनिंग बॅकसाठी थांबणाऱ्या टीम्सचं बघा आता. डेरिक हेन्री ड्राफ्टमध्ये ४५ वा, कमारा ६७ वा, पचेको तर थेट सातव्या राउंडचा आणि चीफ्सकडून रुकी सीझनलाच सुपर बोल. रनिंग बॅक उशिरापर्यंत मिळतात हो, क्वार्टरबॅक आणि टॅकल (लाइनमधले कडेचे खेळाडू) तसे मिळत नाहीत. शिवाय आदळआपट इतकी की पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत शरीर थकायला लागतं.

एक मात्र मान्य, लायन्सनी २०२३ ला १२ व्या नंबरवर रनिंग बॅक गिब्स घेतला तो जमला, कारण लाइन आधीच भक्कम होती.