डोंगरावर चरणाऱ्या कालवडींसाठी उन्हाळ्यातले पूरक खाद्य: पेंड, चाटण वीट की युरिया प्रक्रियेचा पेंढा?

मावळ-मुळशीच्या उतारांवरचे गवत दिवाळीनंतर वाळू लागते आणि फाल्गुनापर्यंत त्यातील प्रथिने 3 ते 4 टक्क्यांवर येतात. कोटीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातील, सूक्ष्मजीवांना असा तंतुमय चारा पचवण्यासाठी आहारात साधारण 7 टक्के प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास पचन मंदावते, खाल्लेले गवत पोटात रेंगाळते आणि डोंगरावर गवत असूनही जनावर कमी खाते. फासळ्या दिसू लागण्याच्या कितीतरी आधी शेणाचा पो घट्ट आणि थराथराचा पडू लागतो. रोज गोठा झाडणाऱ्याच्या ते सर्वांत आधी लक्षात येते.

या विषयावरचे बरेचसे काम अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात, मांसासाठी पाळलेल्या कुरणावरच्या गुरांवर झाले आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशहत्येला बंदी असल्याने आपला हेतू वेगळा, म्हणजे कालवड वेळेवर माजावर यावी हा असतो. कोटीपोटाचे काम मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पेंडीचा हिशेब आधी मांडू. 250 किलोच्या कालवडीने दिवसाला 5 किलो वाळके गवत खाल्ले, तर तिला ढोबळमानाने 150 ग्रॅम प्रथिने कमी पडतात. ही तूट 20 टक्के प्रथिनांच्या सरकी पेंडीने भरायची तर पाऊण किलो लागते आणि 40 टक्क्यांच्या शेंगदाणा पेंडीने भरायची तर 400 ग्रॅमच्या आसपास पुरते. म्हणून केवळ पोत्याचा भाव पाहणे फसवे आहे, कारण शेंगदाणा पेंड दुप्पट भावाची असली तरी प्रथिने त्याच दरात पडतात. बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या भीतीने टाळावी, आणि सरकी पेंड लहान वासरांना देऊ नये, कारण त्यातील गॉसिपॉल त्यांना बाधते. पेंड एक दिवसाआड दुप्पट मात्रेने दिली तरी परिणाम जवळजवळ तोच राहतो, कारण प्रथिनांतला जादा नायट्रोजन लाळेवाटे आणि रक्तावाटे कोटीपोटात परत येतो. हाताशी माणसे कमी असलेल्या घराला ही मोठीच सोय आहे. अडचण गव्हाणीवर येते, कारण दांडगी कालवड शेजारणीचा वाटाही फस्त करते, त्यामुळे त्यांना वेगवेगळे बांधावेच लागते.

युरिया, मळी, कोंडा, मीठ आणि खनिजे यांच्या चाटण विटेला मेहनत सर्वांत कमी लागते. ती टणक असल्याने जनावर चाटून हळूहळूच खाते आणि युरिया एकदम पोटात जात नाही. भिजून भुसभुशीत झालेली वीट मात्र तत्काळ काढून टाकावी, कारण ती चावून खाल्ल्यास विषबाधा होते. पोट फुगणे, थरथर आणि तोंडाला फेस दिसल्यास पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. वीट उपाशी जनावरापुढे ठेवू नये आणि सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.

तिसरा पर्याय इंद्रायणी भाताच्या मळणीनंतर घरीच उरलेल्या पेंढ्याचा आहे. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरियाचे द्रावण थराथराने शिंपडून तो दाबून प्लास्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवल्यास अमोनियामुळे तंतू मऊ होतात आणि प्रथिनेही वाढतात. उघडल्यावर डोळे झोंबतात, म्हणून गव्हाणीत टाकण्याआधी तो तासभर पसरून ठेवावा.

मक्याचा भरडा येथे कामाचा नाही, कारण प्रथिनांच्या तुटीत जादा स्टार्च मिळाल्यास गवताचे पचन आणखी घटते.

माझ्या मते, डोंगरावर गवत शिल्लक असून कालवडी दोन-चारच असतील, तर पेंड निवडावी. कळप मोठा असून वेगवेगळे बांधणे शक्य नसेल, तर वीट बरी. मात्र वणव्यात डोंगर जळाला, तर पेंडीने वा विटेने पोट भरत नाही आणि तेव्हा प्रक्रियेचा पेंढाच लागतो. तो 21 दिवस आधी दाबून ठेवावा लागत असल्याने त्याचा निर्णय संक्रांतीच्या सुमारासच घ्यावा लागतो.