टिळकवाडीतलं पायलट करिअर गायडन्स: सर्व्हेलन्सचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं की एअरलाइन, हा प्रश्न घेऊन गेलो होतो

आमच्या बेळगावात पायलट व्हायचं म्हणणारी पोरं आता बरीच झालीत. सांब्र्याच्या एअरपोर्टवर ट्रेनिंगची विमानं फिरत असतात, निपाणी-चिकोडीकडनं पण पालक चौकशीला येतात, पण लायसन हातात आल्यावर पुढं काय करायचं हे नीट बसून सांगणारं कोण नाही. म्हणून टिळकवाडीतल्या या गायडन्सबद्दल जरा सविस्तर लिहितोय. इथले सर आधी नेव्हीत डॉर्नियर विमानावर होते, समुद्रावर गस्त घातलेली, नंतर एअरलाइनमध्ये कॅप्टन झाले. म्हणजे आमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्वतः उडवून बघितलेला माणूस.

माझ्या भाच्याची केस अशी. पोरगा अनगोळचा, बारावीनंतर कॅनडाला गेला, तिथंच लायसन काढलं, पीआर म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना मिळाला, इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवत शिकवत तास जमवले. आता एका बाजूला सर्व्हेलन्सचं, म्हणजे विमानातनं नजर ठेवायच्या कामाचं कॉन्ट्रॅक्ट समोर आलंय, किंग एअर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर को-पायलट, बेस तिसऱ्याच देशात, दोन महिने काम आणि दोन महिने घर, पैसे दिवसाच्या हिशोबानं. दुसऱ्या बाजूला एअरलाइन, म्हणजे तिथली रिजनल (जवळच्या शहरांमधली छोटी विमानं चालवणारी) नाहीतर लायसन कन्व्हर्ट करून इकडची. ताईचं म्हणणं पोरानं इकडं यावं, भावजी म्हणतात पैसे कुठं जास्त ते बघ, आणि पोराचं मन त्या किंग एअरवर बसलेलं. घरात रोज तोच विषय, शेवटी मीच म्हटलं चला की, विचारून तर बघू.

सरांनी पगाराचं नावच काढलं नाही. आधी लॉगबुक मागितलं आणि पोराला विचारलं, "तू उजव्या सीटवर बसणार, ते तास कुठल्या नियमाखाली लिहिणार?" पोरगा गप्पच. मग त्यांनी समजावलं. किंग एअर हे एका पायलटनं उडवायला सर्टिफाय झालेलं विमान आहे, ३५० मॉडेलसुद्धा. दुसरा पायलट कंपनीनं स्वतःच्या किंवा गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी बसवला असेल तर त्याचे तास पुढं एअरलाइन किंवा लायसन देणारं ऑफिस धरेलच असं नाही. कंपनीच्या मंजूर कागदात दोन पायलट सक्तीचे आहेत असं लिहिलेलं हवं. डॅश-८ हे मोठं विमान असेल तर हा प्रश्नच नाही, त्याला दोन पायलट लागतातच. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनचा कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसनला १५०० तास लागतात, तेव्हा दोन-तीन वर्षं वाळवंटावर घिरट्या घालून आल्यावर निम्मे तास धरत नाहीत म्हणून कळलं तर पोरानं करायचं काय वो? वजनाचंपण सांगितलं. किंग एअर २०० चं कमाल वजन ५६७० किलो, म्हणजे नियमात लहान-मोठं विमान वेगळं करणाऱ्या ५७०० किलोच्या रेषेखाली, आणि ३५० चं ६८०४ किलो, म्हणजे वर. नुसतं किंग एअर म्हणून कंपनी सांगते तेव्हा कुठलं किंग एअर हे आधी विचारायचं, कारण लॉगबुक वाचणारा ते बघतो. एवढ्या एका मुद्द्यासाठी फी दिली असती तरी मला चाललं असतं.

सर्व्हेलन्स म्हणजे सगळं एकच, अशी आमची समजूत होती, तीपण त्यांनी सोडवली. आपल्याकडं समुद्रावरची गस्त नेव्ही आणि कोस्ट गार्ड करतात, डॉर्नियर आणि पी-८आय वर, ते वर्दीतले लोक. बाहेर बऱ्याच ठिकाणी हे काम खासगी कंपन्यांकडं आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डर फोर्ससाठी डॅश-८ उडवणारे क्रू कंपनीचे असतात, नेदरलँड्सच्या कॅरिबियनमधल्या कोस्ट गार्डसाठी कॅनडातली कंपनी विमानं उडवते. मासेमारी, स्मगलिंग, बुडणारी बोट, तेलगळती, असलं काम. यात माणूस बेसवर नीट राहतो, काहीजण बायकोपोरांना घेऊन राहतात. दुसरा प्रकार म्हणजे लष्करासाठी, जिथं लढाई चालू आहे तिथं वरनं कॅमेरा धरून तासन्‌तास फिरायचं. मागं ऑपरेटर स्क्रीनवर बसलेला असतो, पायलटनं फक्त चक्कर नीट धरून ठेवायची. जाहिरातीत दोन्हीला सर्व्हेलन्सच म्हणतात आणि दिवसाचा रेट मोठा असतो तो बहुतेक या दुसऱ्याचाच.

इथं सरांनी तारखांसकट जे सांगितलं ते ऐकून ताईच्या डोळ्यात पाणी आलं. १३ फेब्रुवारी २००३ ला कोलंबियात एका इंजिनाचं सेस्ना कॅरॅव्हन पडलं, कॉन्ट्रॅक्टवरचा क्रू. त्यातल्या तिघांना फार्कच्या बंडखोरांनी धरलं ते २ जुलै २००८ ला सुटले, पायलटला तर तिथंच मारलं. २०१६ च्या ऑक्टोबरात माल्टाला टेकऑफ घेतानाच सर्व्हेलन्सचं विमान पडलं, पाचही जण गेले. ५ जानेवारी २०२० ला केनियात मांडा बेच्या धावपट्टीवर अल-शबाबच्या अतिरेक्यांनी हल्ला केला, एका सैनिकाबरोबर दोन कॉन्ट्रॅक्टर मेले. ६ फेब्रुवारी २०२५ ला फिलिपिन्समध्ये किंग एअर ३५० पडलं, एक मरीन आणि तीन कॉन्ट्रॅक्टर. भीती घालायला नाही सांगितलं त्यांनी, प्रत्येक ठिकाणी पुढचा प्रश्न एकच होता, घरच्यांना काय मिळालं आणि कुठल्या कागदावर मिळालं.

हे मला फार आतपर्यंत लागलं. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली, कॅन्टीन, हॉस्पिटल सगळं आहे. बेळगावात कॅम्पाच्या आसपास राहणाऱ्या कुणालापण हे सांगावं लागत नाही. कॉन्ट्रॅक्टवरचा पायलट त्याच आकाशात उडतो, पण तो सैनिक नाही, त्याच्यामागं रेजिमेंट नाही, कंपनीच्या कराराइतकाच त्याचा आधार. अमेरिकेच्या सरकारी कॉन्ट्रॅक्टवर बाहेर काम असेल तर डिफेन्स बेस ॲक्टचा इन्शुरन्स लागू होतो, १९४१ चा कायदा आहे, माणूस कुठल्या देशाचा हे त्यात बघत नाहीत. पण कंपनीचं गिऱ्हाईक दुसरं कोण असेल तर काय लागू होतं ते कंपनीकडनं लेखी घ्या म्हणाले. आपली नेहमीची अपघात पॉलिसी काढून वाचा, बऱ्याच पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं, आणि तिकीट काढून प्रवासी म्हणून बसला नसेल तर विमानप्रवासपण वगळलेला असतो. घरी येऊन वाचली, तसंच लिहिलंय.

एअरलाइनची बाजूपण गोड करून सांगितली नाही. टाइप रेटिंग, म्हणजे त्या त्या मॉडेलचं विमान उडवायचं वेगळं ट्रेनिंग, स्वतःच्या पैशानं करायचं म्हटलं तर पंधरा-वीस लाख जातात, इकडं यायचं तर डीजीसीएचे (आपल्याकडं पायलटचं लायसन देणारं सरकारी ऑफिस) पेपर आणि मेडिकल परत, आणि एवढं करून कंपनी टिकेल याची खात्री कोण देणार. किंगफिशर २०१२ ला, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात बंद पडली, कर्ज काढून शिकलेली पोरं घरी बसली. सोडून जायचं तर को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. तरीपण त्यांचं मत एअरलाइनकडं झुकलं, आणि त्याचं कारण त्यांनी सिनिऑरिटीत दाखवलं. कॅनडा-अमेरिकेत तुम्ही कंपनीत कुठल्या दिवशी लागला त्यावर नंबर मिळतो, आणि बेस, विमान, सुट्ट्या, कॅप्टनची सीट, मंदी आली तर आधी कोण घरी जाणार, सगळं त्या नंबरावर. तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. म्हणजे आज दोन-तीन वर्षं सर्व्हेलन्सचे जास्त पैसे घेतले तर ते पैसे पासष्टीच्या, म्हणजे रिटायर व्हायच्या वयाच्या जवळच्या, सगळ्यात मोठ्या पगाराच्या वर्षांतनं कापले जातात, कारण तेवढी वर्षं मागनं लागला. भावजी तिथं वहीत आकडे मांडत बसले आणि नंतर रेटबद्दल परत काही बोलले नाहीत.

आणि एक, लँडिंग. गस्तीवर पाच-सहा तास उडून एक लँडिंग होतं, रिजनलमध्ये दिवसाला चार-पाच होतात, वेगवेगळ्या एअरपोर्टवर, वेगवेगळ्या हवेत. आपल्या सांब्र्यालाच बघा की, जुलैत ढग खाली आलेले असताना एटीआर हे रिजनलचं विमान उतरवणाऱ्या को-पायलटला जे शिकायला मिळतं ते निरभ्र आकाशात चक्कर मारून मिळायचं नाही. सरांनी सर्व्हेलन्सला कमी लेखलं असं नाही हं. बुडणाऱ्या बोटीवर तराफा टाकून माणसं वाचलेली बघितलीत म्हणाले, ते समाधान एअरलाइनमध्ये मिळालं नाही. ज्याचे तास भरलेत आणि ज्याला अर्धं वर्ष घरी शेती नाहीतर म्हातारे आईवडील बघायचेत, त्याला कोस्ट गार्डचं कॉन्ट्रॅक्ट चांगलंच आहे. तिशीच्या आतल्या, तास कमी असलेल्या पोरानं लढाईच्या जागी जाऊ नये, एवढं त्यांनी सरळ सांगितलं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

पोरानं त्याच रात्री कंपनीला मेल टाकला. तासांचं उत्तर नीट आलं, कागदासकट. इन्शुरन्सचं मोघम आलं, परत विचारलं तर परत मोघम. तेवढ्यावर त्यानं रिजनलचा इंटरव्ह्यू आधी द्यायचा ठरवला.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. ग्रुप सेशन अजिबात घेऊ नका, हॉलमध्ये खुर्च्या कमी, बारावीची पोरं आणि लायसनवाली पोरं एकत्र बसवतात, आमचा विषय निघालाच नाही, म्हणून वेगळं वन-टू-वन घ्यावं लागलं आणि त्याचे पैसे वेगळे. स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये आहेत. सर तोंडी मराठी-कन्नड दोन्ही छान बोलतात, पण खानापूरकडनं आलेल्या एका बाई शेवटपर्यंत नुसत्या वहीकडं बघत होत्या, कर्ज तर त्यांच्याच जमिनीवर काढायचं होतं. पालकांसाठी मराठी आणि कन्नडमध्ये दोन पानं छापून द्यायला काय जातंय, मी तिथं सांगून आलोय. पायलटच्या ड्यूटी टाइमचे नवे नियम, आठवड्याची विश्रांती ३६ वरनं ४८ तास झालेली, ते पण स्लाइडवर जुनंच होतं, विचारल्यावर तोंडी बरोबर सांगितलं.

वन-टू-वनला ५ पैकी ४, ग्रुपला २. जाताना लॉगबुकच्या झेरॉक्स, ऑफर लेटर पूर्ण, मागच्या बारीक अक्षराच्या पानांसकट, आणि घरच्या पॉलिसी घेऊन जा. शनिवारी संध्याकाळी आरपीडी क्रॉसकडं गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळची वेळ मागून घ्या.