स्नो लेपर्ड बघायला हेमिस की किब्बर?

दोन्हीकडे एकेकदा जाऊन आलोय, आधी लडाखमधलं हेमिस आणि मग हिमाचलच्या स्पीतीतलं किब्बर, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच आणि पहिला प्रश्न कायम तोच, दिसायचे चान्सेस कुठे जास्त. माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. आधी रजा किती दिवसांची ते बघा, मग गुडघे कसे आहेत ते बघा.

आकडे बघून लोक गंडतात. 2024 च्या जानेवारीत जी देशभरची गणना जाहीर झाली त्यात एकूण 718 स्नो लेपर्ड, त्यातले लडाखमध्ये 477 आणि हिमाचलमध्ये फक्त 51, मग काय सगळे म्हणतात लडाखच. अहो पण लडाख केवढं आहे! एकटं हेमिस नॅशनल पार्कच 4,400 चौरस किमीच्या आसपास, देशातलं सगळ्यात मोठं. ते 477 काय तुमच्यासाठी रुंबकच्या (हेमिसमधलं गाव, बघायला तिथेच जातात) घळीत रांगेत उभे नाहीत. तुम्ही ज्या एका दरीसमोर बसणार तिथे भरल, म्हणजे त्या निळसर राखाडी रानमेंढ्या, किती आहेत आणि सोबतचा स्पॉटर, म्हणजे प्राणी हेरून दाखवणारा माणूस, किती तयार आहे, सगळं त्यावर. सीझन दोन्हीकडचा सारखाच, जानेवारी ते मार्च, कारण मीलनाचा काळ असतो आणि बर्फामुळे भरल खाली उतरतात, त्यांच्यामागे हा.

आता प्रवास, इथे खरा फरक आहे. लेहला दिल्लीहून विमानाने दीड तासाच्या आत पोचता, पण थेट 3,500 मीटरवर, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत. पहिले दोन दिवस लेहमध्ये गप पडून राहायचं, यात घासाघीस नाही, आमच्यातल्या एकाने पहिल्याच संध्याकाळी मार्केट फिरून घेतलं आणि रात्रभर डोकं धरून बसला. स्पीतीला हिवाळ्यात कुंझुम पास बंद म्हणजे मनालीचा रस्ता बाद, शिमल्याहून किन्नौरमार्गे काझापर्यंत (स्पीतीतलं मुख्य गाव) चारशेच्या वर किलोमीटर, दोन-तीन दिवस गाडीत. अंग आंबतं, नाकोच्या आसपास वरून दगड येतात, पण उंची हळूहळू वाढते त्यामुळे त्रास कमी होतो. फक्त किब्बर गावच 4,200 मीटरच्या आसपास आहे, रात्री झोपेत मधेच धाप लागून जाग येते, तेव्हा काझात एक-दोन रात्री काढूनच वर जा. आणि बर्फ पडला की रस्ता बंद, कधी उघडेल देव जाणे, आम्ही परतीला काझातच दोन दिवस अडकलो. लेहचं विमानही हवामानामुळे रद्द होतं, पण बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन दिवसांत सुटका होते. मोजून आठ दिवसांची रजा असेल तर स्पीतीचं नावच काढू नका, बारा तरी हवेत.

गुडघ्यांचं उलटं आहे. रुंबकला चालावं लागतं, दरीत खाली तुम्ही आणि तो वर कुठेतरी कड्यावर, मग या ओहोळातून त्या ओहोळात, बर्फातून, स्कोप (मोठी दुर्बीण) आणि तिपाई घेऊन. किब्बरला गाव आणि पलीकडचं चिचम गाव यांच्यामध्ये खोल घळ आहे (2017 पासून तिच्यावर तो प्रसिद्ध पूल आहे), तिच्या काठावर उभं राहून समोरच्या कड्यावर नजर ठेवायची, गाडी बऱ्याचदा जवळच असते. मला रुंबकला चार दिवसांत पंजांचे ठसे आणि ओरखडे यापलीकडे काही मिळालं नाही, किब्बरला तिसऱ्या दिवशी दिसला, चार तास पोत्यासारखा झोपून होता आणि आम्ही उणे पंधरामध्ये तो कूस बदलायची वाट बघत होतो 😄 पण एका ट्रिपवरून निष्कर्ष काढू नका.

गर्दी मात्र किब्बरलाच. बातमी आली की एका कठड्यावर तोफांसारख्या लेन्सांची रांग लागते. रुंबक शांत, आणि चालताना आजूबाजूचं खूप दिसतं, लडाखला उरियल ही दुसरी रानमेंढीसुद्धा बघायला मिळते. अजून एक, हेमिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टूर्स प्रत्यक्षात उले नावाच्या गावाला जातात, ते पार्कच्या बाहेर पश्चिमेला आहे. जागा वाईट नाही, आयबेक्स (रानबकरे) भरपूर आणि चालणं कमी, पण तुम्हाला हेमिसच हवं असेल तर आधी विचारून घ्या.

राहायचं दोन्हीकडे होमस्टेमध्येच. पाईप गोठलेले, टॉयलेट कोरडं, आंघोळ विसरा, रात्री शेगडीभोवती सगळं घर. हॉटेल शोधत बसू नका, ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या हा प्राणी मारतो त्यांच्या घरात हे पैसे जातात. किब्बरला गावकऱ्यांनी गुरांचा विमाही चालवलाय. (2017 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत स्नो लेपर्डला एक पायरी खाली आणून 'असुरक्षित' केलं, म्हणून धोका टळला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.)

आईबाबांना नेऊ का म्हणाल तर साठीच्या पुढे, बीपी-दम्यासकट, दोन्हीकडे नको. नुसता बिबट्याच डोक्यात असेल आणि दिवस हाताशी असतील तर किब्बर, रजा कमी आणि पाय दणकट असतील तर रुंबक. लडाखला बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. आणि बुकिंग करताना हॉटेलचे फोटो मागण्यापेक्षा हे विचारा की स्पॉटर त्याच गावचा आहे का, आणि एका स्कोपमागे माणसं किती.