चालणं की वजन उचलणं? साठीनंतरच्या तीन तासांचा हिशेब

साठी ओलांडली आहे, व्यायामासाठी आठवड्याला कसेबसे तीन तास निघतात आणि ते चालण्यात घालवावेत की वजनं उचलण्यात, हे ठरत नाही. अशांसाठी हा आढावा आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोज चालणाऱ्यांनी या तीन तासांतला सव्वा तास वजनांकडे वळवावा. जे मुळीच हलत नाहीत, त्यांनी आधी चालायला लागावं.

आयुष्य किती वाढतं?

इथे दोघांपैकी कोणालाच निर्विवाद पहिला नंबर देता येत नाही. २०२२ मध्ये लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या १५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. साठीपुढच्या लोकांमध्ये मृत्यूचा धोका रोजच्या सहा ते आठ हजार पावलांपर्यंत घटत जातो आणि पुढे जवळजवळ स्थिरावतो, असं त्यात दिसलं. दहा हजारांचा आकडा मुळात प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ असं होतं, तिथून तो रूढ झाला.

ताकदीच्या व्यायामाचंही असंच एकत्रित विश्लेषण २०२२ मध्येच झालं. हा व्यायाम करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यू, हृदयविकार, कर्करोग यांचा धोका १० ते १७ टक्के कमी आढळला आणि आठवड्याला ३० ते ६० मिनिटांत बहुतेक फायदा पदरात पडत होता. थोड्या वेळात एवढं मिळणं हा वजनांच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. पण दोन्ही आकडेवाऱ्या निरीक्षणातून आलेल्या आहेत. जो मुळात धडधाकट असतो तोच जास्त चालतो आणि वजनंही तोच उचलतो, हा गुंता त्यात राहतोच. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ७० ते ७७ वयाच्या दीड हजारांवर लोकांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलं आणि पाच वर्षं व्यायाम करायला लावला. गटागटांतल्या मृत्यूंत ठोस फरक निघाला नाही. तुलनेसाठी ठेवलेला गटही चांगलाच व्यायाम करत होता, हे त्यामागचं एक कारण.

त्यामुळे किती वर्षं जगणार यावरून निवड करू नये.

हातीपायी धड राहणं

खरा निकाल इथे लागतो. वय वाढतं तसे स्नायूंतले वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. म्हणून स्नायूंच्या आकारापेक्षा ताकद लवकर घटते आणि ताकदीपेक्षाही झटका, म्हणजे ताकद पटकन वापरण्याची क्षमता, लवकर जाते. खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरणं ही सगळी झटक्याची कामं आहेत. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना हे तंतू फारसे कामालाच लागत नाहीत. वीस वर्षं न चुकता फिरायला जाणाऱ्या माणसालाही एके दिवशी बुटक्या आसनावरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, ते त्यामुळे.

१९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला गेला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट छोटा होता, पण चार वर्षांनी शंभर जणांवर झालेल्या प्रयोगातही ताकद दुपटीच्या वर गेली. म्हणजे ‘आता या वयात काय’ हे कारण चालत नाही.

चालण्याच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर सरासरी २.६ वर्षं प्रयोग झाला. चालण्याची क्षमता गमावण्याचं प्रमाण नुसतं आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटात ३५.५ टक्के होतं, व्यायामाच्या गटात ३०.१. मात्र त्या कार्यक्रमात चालण्याला ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामाची जोड होती. निव्वळ चालण्याच्या खात्यावर हे यश मांडता येणार नाही.

हाडं आणि पडणं

चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही. हाडाला सवयीपेक्षा जास्त भार हवा असतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली खूप जड वजनं उचलायला दिली. कण्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. हे घरी एकट्याने करून पाहायचं काम नव्हे.

पडणं टाळण्याबाबत मात्र दोन्ही पक्ष तोंडघशी पडतात. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या अहवालात तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं, त्याला ताकदीची जोड दिल्यावर सुमारे ३४ टक्क्यांनी. नुसतं चालणं किंवा नुसती वजनं यांनी ते घटतं, असं खात्रीने म्हणता आलं नाही. एका पायावर उभं राहणं, एका पावलाला दुसरं चिकटवून रेषेवर चालणं याला रोज पाच मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात.

हृदय आणि दमसास यांत चालणं पुढे आहे, पण चाल भरभर हवी. दहा सेकंदांत १७ च्या आसपास पावलं पडली, म्हणजे मिनिटाला शंभर, की मध्यम वेग झाला. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही दुसरी खूण.

प्रत्यक्षात काय करायचं, कुठे फसतं

चालायला बूट सोडून काही लागत नाही, शिकावंही लागत नाही, म्हणून ते टिकतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वर्षानुवर्षं तोच संथ वेग. दोन, उत्साहाच्या भरात एकदम दुप्पट अंतर. मग टाच धरते.

वजनांचा व्यायाम बहुधा उलट्या कारणाने वाया जातो: वजनं फार हलकी असतात. तोच रबरी पट्टा, तीच पंधरा आवर्तनं, तीन वर्षं. वजन असं निवडावं की ८ ते १२ वेळा नीट उचलता येईल आणि थांबताना अजून दोन-तीनदाच जमलं असतं असं वाटेल. ठरलेल्यापेक्षा दोन आवर्तनं सहज जास्त होऊ लागली की वजन थोडंसं, फार तर दहा टक्के, वाढवायचं. पाच हालचाली पुरतात: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून छातीचे जोर, पट्टा स्वतःकडे ओढणं, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं आणि टाचा उचलणं. प्रत्येकी दोन सेट, म्हणजे ८ ते १२ आवर्तनांच्या दोन फेऱ्या, दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. वर जाताना चटकन, खाली येताना तीन सेकंद घेत. हे साधारण पस्तीस मिनिटांत आटपतं. वजनांच्या एका दिवसानंतर पुढच्या दिवसापर्यंत किमान ४८ तास जाऊ द्यावेत.

श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. सुरुवातीची ताकद काही आठवड्यांतच वाढते, पण स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या, मागे राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खांदा किंवा गुडघा कुरकुरतो तो यामुळे. दुखणं सौम्य असेल आणि २४ तासांत ओसरत असेल तर वजन कमी करून चालू ठेवता येतं. आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, हृदयाची अरुंद झडप किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

दीर्घायुष्यासाठी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेण्याची टूम आहे, तिच्याबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. २०१९ च्या एका प्रयोगात ६५ च्या पुढच्या निरोगी लोकांमध्ये या गोळीने वजनांच्या व्यायामातून होणारी स्नायूंची वाढ कमी केली. मधुमेहासाठी दिलेली गोळी यावरून बंद करायची नाही. पण मधुमेह नसताना ती घेणारा एका हाताने मिळवतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो.

तुम्ही कोणत्या गटात मोडता?

भिंतीला टेकवलेली, चाकं नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागली, तर युरोपीय तज्ज्ञगटाच्या निकषांप्रमाणे ताकद कमी आहे. वजनं आधी, चालणं नंतर. उठबस चटकन झाली पण एक जिना चढल्यावर धाप लागत असेल आणि ती अलीकडचीच असेल, तर आधी तपासणी. जुनीच असेल तर भरभर चालण्याला जास्त वेळ. नेहमीच्या चालीने चार मीटर जायला पाच सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर दोन्ही हवं आणि तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली.

बाकीच्यांसाठी वाटणी अशी: पस्तीस मिनिटांची वजनं दोनदा, साधारण सत्तावीस मिनिटांचं भरभर चालणं चारदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला मध्यम वेगाच्या व्यायामाची किमान १५० मिनिटं आहेत, त्यात इथे चाळीसेक कमी पडतात. पण सलग दहा मिनिटांची जुनी अट त्याच वेळी काढून टाकली गेली, त्यामुळे कामाला जाता-येता, जिन्यावर झालेली मिनिटंही धरता येतात. तोलाचा सराव दात घासताना उरकावा, एक हात बेसिनजवळ ठेवून.

आजारपणाने महिनाभर खंड पडला तर पुन्हा तेच वजन घेऊ नये. नव्वदीतल्या त्या लोकांनी व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली होती. दोन-तृतीयांश वजनापासून सुरुवात करावी.