स्टिअरिंगचा गिअर: नुसतं सेटिंग की बुश बदलायचे?

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींत कुणाकडे आजोबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगशेजारी असलेली जुनी गाडी, असली की एक प्रश्न हमखास येतो: ‘अहो, पहिला गिअर टाकायला गेलं की तिसरा पडतो. सेटिंग करून भागेल का सगळं खोलावं लागेल?’

हे बॉनेट उघडूनच ठरवा. इंजिन बंद, चाकांना दगड, गाडी न्यूट्रलमध्ये. एकाने गिअरचा दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्याने गिअरबॉक्सवरच्या लिव्हरवर नजर ठेवायची. दांडा बोटभर सरकला तरी खालचा लिव्हर ढिम्म, तर दोघांना जोडणाऱ्या रॉडच्या सांध्यांतले बुश, म्हणजे पिनवर बसणारी छोटी नळकांडी, झिजलेत. लिव्हर लगेच हलतो पण जागा चुकते, तर सेटिंग बिघडलंय.

सेटिंग स्वस्त आणि झटपट. दांडा आणि लिव्हर दोन्ही न्यूट्रलला ठेवून रॉडचा चेकनट (लांबी पक्की धरणारा नट) सैल करायचा आणि रॉडची लांबी अशी जुळवायची की त्याचं टोक पिनवर जोर न लावता बसेल. पण झिजलेल्या बुशवर केलेलं सेटिंग टिकत नाही. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जात नाही, फक्त जागा बदलतो: पहिला सुधारतो, रिव्हर्स अडायला लागतो. अशा गाडीचं दर महिन्याला सेटिंग करून घेणं म्हणजे पैसे वाया.

बुश बदलायचे तर पिनही तपासा. पिन एका बाजूने खाल्ली गेली असेल तर नवा बुशही लवकरच ढिला पडतो. तयार माल मिळाला नाही तर मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत) लेथवर करून घ्या. नायलॉनचा बुश आवाज करत नाही, पण सायलेन्सरच्या पाइपाजवळ पितळेचाच बसवा आणि ग्रीस चुकवू नका.

कधी कधी दोष या दोन्हींत नसतो. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखा पडतो आणि चालू केल्यावर करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. फक्त दुसराच करकरत असेल तर दोष सिंक्रोचा, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या गिअरबॉक्समधल्या कडीचा. माउंटिंगचं (गिअरबॉक्सला आधार देणारं) रबर दबलं असेल तर गिअरबॉक्स खाली झुकतो आणि सेटिंग आपोआप चुकतं. म्हणून आधी माउंटिंग, मग बाकीचं.

काही मेकॅनिक गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून खाली फ्लोअरवर घ्यायला सुचवतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. 2023च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी गाडीचं मूळ रूपच पाहिलं जातं.

बोटभर प्ले असेल तर मी बुशच बदलेन. मात्र रॉड काढण्याआधी नटाजवळ रंगाची खूण करा, कारण नवे बुश बसल्यावर शेवटी सेटिंग करावंच लागतं.